बेसबॉलचे पंखे कोणी आहेत का इथे?

फ्रीमाँटकर

क्रिकेटवर इथे आठवड्याला एक धागा निघतो, फुटबॉलवर वर्ल्डकप आला की निघतो, टेनिसवाले तर वर्षभर एकमेकांची डोकी फोडत असतात, पण बेसबॉलवर शोधून सुद्धा काही सापडेना म्हणून म्हटलं आपणच काढू. अमेरिकेतले मराठी लोक बेसबॉल बघतात हे मला पक्कं माहितीये कारण स्टेडियममध्ये मागच्या रांगेतून "अगं उठ ना दिसत नाहीये" हमखास ऐकू येतं. पण कबूल कोणी करत नाही. कंपनीने तिकिटं दिली होती, पोरीच्या शाळेची नाइट होती, पाहुणे आले होते त्यांना दाखवायला नेलं, अशी कारणं सांगतात.

तर मी कबूल करतो. मी ओकलंडच्या ए'जचा ठार वेडा पंखा आहे. हो तीच टीम जी आता ओकलंडमध्ये नाही. 2024 चा सीझन संपला आणि त्यांनी बाडबिस्तरा गुंडाळला, सध्या सॅक्रामेंटोच्या शेजारी मायनर लीगच्या ग्राउंडवर भाडेकरू म्हणून खेळतायत आणि 2028 ला लास व्हेगासला जायचा प्लॅन आहे. नावातून ओकलंड पण काढून टाकलंय, नुसतंच अ‍ॅथलेटिक्स. म्हणजे मी नेमका कोणाचा पंखा आहे हे मलाच नीट सांगता येत नाही पण स्कोअर मात्र रोज बघतो.

ज्यांनी ओकलंडचं कॉलिझियम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, 1966 चं बांधकाम, नुसतं काँक्रीट. 90 च्या दशकात अमेरिकन फुटबॉलवाल्यांसाठी सेंटर फील्डच्या मागे अजून एक काँक्रीटचा डोंगर चढवला, त्याआधी तिथून ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या म्हणे. 2013 मध्ये गटार तुंबून घाण पाणी खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये आलं. नंतर पाहुण्या टीमच्या कॉमेंट्री बॉक्समध्ये एक पोसम राहायला आलं आणि बिचाऱ्या कॉमेंटेटर लोकांना वासाने बसवेना. (पोसम म्हणजे मोठ्या घुशीएवढं जनावर, दिसायला त्याहून वाईट.) पण बार्टमधून (इथली लोकल ट्रेन) उतरलं की स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत एक पादचारी पूल होता, त्यावर दोन्ही बाजूंनी पाणी विकणारे, टोप्या विकणारे, आणि एका ट्रॉलीवर बेकन गुंडाळलेले हॉटडॉग कांद्याबरोबर परतत ठेवलेले असायचे, त्या वासानेच मॅच सुरू झाल्यासारखं वाटायचं. आत गेलं की राइट फील्डच्या ब्लीचर्समध्ये (उघड्या बाकड्यांवर) कायमची मंडळी ढोल बडवत असायची. पुढच्या सीट रिकाम्याच असायच्या, तिसऱ्या इनिंगनंतर हळूच खाली सरकून बसलं तरी कोणी उठवायचं नाही.

बाकी लोकांना वाटतं पंखा म्हणजे टीम जिंकल्यावर नाचणारा. अहो एका सीझनला 162 मॅच असतात. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज. सगळ्यात भारी टीम पण साठेक मॅच हरते आणि सगळ्यात टुकार टीम पण पन्नासेक जिंकते (आमच्यावाल्यांनी 2023 ला बरोब्बर 50 जिंकल्या, 112 हरले). रोज रडत बसलं तर जगणार कसं? मग हरणं-जिंकणं बाजूला राहतं आणि रोजची सोबत उरते. मी भांडी घासताना रेडिओ लावतो, कॉमेंटेटर मधेच जेवणाबद्दल बोलतो, मधेच 1972-73-74 ला सलग तीन वर्ल्ड सिरीज (म्हणजे सीझनची फायनल) जिंकल्याबद्दल, मधेच कोणीतरी आउट होतं. बायको म्हणते तू ऐकतोयस का नुसता लावून ठेवलायस. दोन्ही.

तुम्ही कोणाचे पंखे, कसे लागलात नादाला, लिहा. हसायचं असेल तर हसा पण लिहा.

एडिसनचा_बंड्या

हाहा. मी यांकीज. आता शिव्या द्या.

गल्लीक्रिकेट

धागा वाचायला मजा आली पण खेळ काय झेपत नाही बुवा. एकदा नेलं होतं मित्राने न्यूयॉर्कला, तीन तास बसलो, 2-1 असा काहीतरी स्कोअर, सगळे नुसते थुंकतायत आणि पिचर (म्हणजे त्यांचा बॉलर) टोपी नीट करतोय. आपल्याकडे फुलटॉसवर सिक्स मारतात तेच हे लोक एवढ्या जाड बॅटने दर वेळी चुकवतात, ते पण करोडो रुपये घेऊन.

फ्रीमाँटकर

@गल्लीक्रिकेट, फुलटॉस हा शब्द काढलात ना म्हणून लिहितो. पिचर उभा असतो साडेसाठ फुटांवर, बॉल येतो दीडशे किमीच्या वेगाने, तुमच्यापर्यंत यायला लागतो सेकंदाच्या अर्ध्याहून कमी वेळ, त्यात तो ऐन वेळी खाली पडतो किंवा बाहेर पळतो आणि बॅट गोल. टप्पा नाही म्हणून सोपं असं वाटतं पण टप्पाच नाही म्हणजे अंदाज घ्यायला काहीच नाही. दहापैकी तीनदा हिट मारणारा माणूस इथे भारी बॅटर समजला जातो.

आणि टोपी नीट करणं बंद झालं आता. 2023 पासून पिच क्लॉक आलं, बेसवर (रन काढताना थांबायच्या टप्प्यावर) कोणी नसेल तर 15 सेकंदात बॉल टाकायचा म्हणजे टाकायचा. एका झटक्यात मॅचची सरासरी वेळ 24 मिनिटांनी कमी झाली, 2 तास 40 मिनिटांवर आली. जुने पंखे खूप ओरडले आधी, घड्याळ नसलेला हा एकच खेळ होता तो पण गेला वगैरे. मला पण कसंतरी झालं होतं पण खरं सांगू, ऑफिसच्या दिवशी रात्री साडेनवाला मॅच संपते याच्यासारखं सुख नाही.

चहाबाज_पुणे

मी पुण्यात बसून बघतो. कोणाला सांगत नाही कारण लोक विचारतात अरे कशासाठी. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रात्रीच्या मॅच 6:40 ला सुरू होतात म्हणजे आपल्याकडे सकाळचे 7:10, चहा पोहे आणि बेसबॉल, ऑफिसला निघेपर्यंत पाच इनिंग होतात.

एक प्रश्न, ते लोक स्टेडियममध्ये पेन्सिल घेऊन कागदावर काय लिहीत असतात? परीक्षा असल्यासारखे.

फ्रीमाँटकर

वा! याचीच वाट बघत होतो. ते स्कोअरकार्ड. आपल्याकडे स्कोअरर लिहितो, इथे सामान्य पब्लिक लिहितं. प्रत्येक फील्डरला एक नंबर, पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट बेस 3, सेकंड 4, थर्ड 5, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला) 6 आणि मग आउटफील्ड डावीकडून 7, 8, 9. बॉल शॉर्टस्टॉपने उचलून फर्स्ट बेसला फेकला आणि बॅटर आउट, की लिहायचं 6-3. डबल प्ले (एकाच बॉलवर दोघं आउट) असेल तर 6-4-3. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन आउट) के. बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर उलटा के, म्हणजे बाहेरच्या माणसालाही कळावं की हा गडी उभ्या उभ्या गेला. अशा प्रत्येक आउटचा पत्ता कागदावर राहतो, वीस वर्षांनी कागद काढला तरी मॅच पुन्हा वाचता येते.

आणि गल्लीक्रिकेटसाठी खास, ही सगळी आकडेमोडीची परंपरा ज्याने रुजवली तो हेन्री चॅडविक इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि आधी न्यूयॉर्कच्या पेपरात क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. बॉक्स स्कोअर घडवला तो त्यानेच. घरचाच माणूस निघाला की नाही?

माझ्याकडचा सगळ्यात जपून ठेवलेला कागद 9 मे 2010 चा. मदर्स डे होता, रविवार दुपार, समोर टँपा बे. आमचा पिचर डॅलस ब्रेडन, जवळच्या स्टॉकटनचा पोरगा, आई तो शाळेत असतानाच कॅन्सरने गेलेली, आजीने सांभाळलेला. तसा काही मोठा स्टार नव्हता. पहिल्या तीन इनिंगमध्ये कोणी बेसवर गेलं नाही, ठीक आहे होतं असं. सहाव्यापर्यंत कोणी गेलं नाही आणि आजूबाजूचे लोक गप्प व्हायला लागले. इथे नियम आहे, लिहिलेला नाही पण कडक, की पर्फेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर न पोचता अख्खी मॅच) चाललाय हे तोंडातून काढायचं नाही. डगआउटमध्ये त्याच्या शेजारी कोणी बसत नाही, त्याच्याशी बोलत नाही. माझ्या शेजारचा बाप्या नखं खात होता, आणि मी स्कोअरकार्डावर सगळ्या चौकोनांत आउटच आउट बघत होतो पण एक शब्द बोललो नाही. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस गेले. शेवटची नोंद 6-3. आणि मग तो आजीला मिठी मारून रडला आणि स्टेडियममध्ये जे बारा हजार लोक होते तेवढे सगळेच रडले. तेव्हापर्यंतच्या इतिहासातला तो एकोणिसावा पर्फेक्ट गेम होता.

त्या 6-3 वर पेन्सिल जरा जास्तच दाबली गेलीये, मागच्या पानावर पण उमटलंय.

गल्लीक्रिकेट

हे भारी होतं राव. सचिन 98 वर असताना आमच्याकडे आईला सोफ्यावरून उठू द्यायचे नाहीत ते आठवलं.

एडिसनचा_बंड्या

मॅच हातातून गेली की इथे लोक टोपी उलटी, म्हणजे आतली बाजू बाहेर करून घालतात. रॅली कॅप. सत्तर वर्षांचे आजोबा आणि इन्व्हेस्टमेंट बँकेतला माणूस, दोघं उलटी टोपी घालून गंभीर चेहऱ्याने बसलेले असतात. सोफ्यावरून न उठणं काहीच नाही.

यांकीजबद्दल कोणी शिव्या दिल्या नाहीत म्हणून स्वतःच लिहितो. 2004. बोस्टनच्या रेड सॉक्सविरुद्ध सात मॅचच्या सिरीजमध्ये आम्ही 3-0 ने पुढे, चौथ्या मॅचला नवव्या इनिंगमध्ये एका रनाची लीड, बॉल कोणाच्या हातात तर मारियानो रिव्हेराच्या. म्हणजे मॅच संपली, जेवायला बसा. आधी वॉक दिला (चार वाईट बॉल टाकले की बॅटरला फुकटचा बेस), त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स पळायला आला, सगळ्या जगाला माहिती की हा सेकंड बेस चोरणार (बॉल मारलेला नसतानाच पळून गाठणार), चोरला! मग ते बरोबरीत आले, बाराव्या इनिंगला त्यांच्या ऑर्टिझने होमरन (आपल्या सिक्ससारखा) मारला, आणि पुढच्या तिन्ही मॅच पण हरलो. 3-0 वरून सिरीज हरणारी बेसबॉलमधली पहिली टीम. आणि त्या लोकांनी मग 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. माझा रूममेट बोस्टनचा होता. महिनाभर मी लायब्ररीत झोपायचा विचार करत होतो.

विंडी_सिटी_वैनी

86 चं कौतुक सांगू नका, आम्ही शिकागो कब्जवाले, 108 वर्षं. 1908 नंतर थेट 2016.

मला स्वतःला खेळातलं फारसं कळत नव्हतं, नवऱ्यामुळे आले नादात. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे, आयुष्यभर कब्जचे पंखे, दर वर्षी एप्रिलमध्ये म्हणायचे यावर्षी नक्की. ते गेले 2016 च्या आधीच. वर्ल्ड सिरीजच्या वेळी आमच्या ग्राउंडच्या, रिगली फील्डच्या, बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोकांनी खडूने नावं लिहायला सुरुवात केली, कोणी वडिलांचं, कोणी आज्जीचं, जे हे बघायला राहिले नाहीत त्यांची. आजोबांची मुलगी आली आणि आम्ही तिच्याबरोबर गेलो. खालची जागा सगळी भरलेली, लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून वर लिहीत होते. अनोळखी माणसाने हातातला निळा खडू दिला आणि म्हणाला ठेवून घ्या पुढच्याला द्या. तिने नाव लिहिलं आणि खाली नुसतं "यावर्षी नक्की" लिहिलं. मी इंग्लिशमध्ये जे होतं ते मराठीत लिहितेय पण तेच.

सातवी मॅच क्लीव्हलँडला, नऊ इनिंगनंतर बरोबरी आणि पाऊस. 17 मिनिटं. त्या 17 मिनिटांत मी देवापाशी दिवा लावला, हसा. दहाव्या इनिंगला जिंकलो 8-7.

फ्रीमाँटकर

@विंडी_सिटी_वैनी काय लिहिलंय. दिवा लावला यात हसण्यासारखं काही नाही, आमच्याकडे नारळ बोलला होता.

गल्लीक्रिकेट

बरं तो बॉल प्रेक्षकात गेला की परत देत नाहीत हे खरं का? आपल्याकडे तर सिक्युरिटीवाला मागे लागतो.

विंडी_सिटी_वैनी

खरं. पकडला तो तुमचा. म्हणून तर लोक घरून ग्लोव्ह घेऊन येतात. फक्त रिगलीला एक पद्धत आहे, समोरच्या टीमने होमरन मारला आणि बॉल तुमच्याकडे आला तर तो ग्राउंडवर परत फेकायचा, नको तुमचा होमरन आम्हाला! नाही फेकला तर सगळं ब्लीचर तुमच्या नावाने ओरडतं. हुशार लोक खिशात जुना बॉल ठेवतात आणि तो फेकतात.

एडिसनचा_बंड्या

आणि शेजारी लहान पोर असेल तर बॉल त्याला द्यायचा. मोठ्या माणसाने पोराच्या हातातून हिसकावला की तो त्या रात्री टीव्हीवर आणि सकाळपर्यंत सगळ्या देशात बदनाम.

(मोठ्या माणसांनी ग्लोव्ह आणावा का यावर वेगळा धागा काढू. माझं मत आणू नये. हातात बिअर असताना एका हाताने पकडला तर मानू.)

ओसाकावाली

मी जपानमधून. इथला बेसबॉल बघितला तर अमेरिकेतला मंदिरातल्या प्रवचनासारखा शांत वाटेल. आमच्या घराजवळ हॅन्शिन टायगर्स, ग्राउंड कोशिएन, 1924 चं. आपली टीम बॅटिंगला असेल तेव्हाच ओरडायचं, समोरचे बॅटिंग करत असतील तेव्हा ओरडायची पाळी त्यांच्या पंख्यांची, बसून बेंतो (जेवणाचा डबा) खायचा. प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं, ट्रंपेट आणि ढोल, सगळ्यांना सगळी पाठ. पाठीवर बिअरची टाकी लावलेल्या मुली ते उंच जिने दिवसभर चढउतार करतात आणि चेहऱ्यावर थकवा दिसू देत नाहीत, मला तर खेळाडूंपेक्षा त्यांचं जास्त कौतुक.

इथला शाप पण मजेशीर. 1985 ला टायगर्स जपान सिरीज (इथली फायनल) जिंकले तेव्हा पंख्यांनी आनंदाच्या भरात केएफसीच्या दुकानाबाहेरचा कर्नल सँडर्सचा पुतळा उचलून दोतोनबोरीच्या कालव्यात टाकला. मग टीम ती सिरीज परत जिंकेचना. लोक म्हणाले कर्नल कोपलाय. पुतळा 2009 ला कालव्यातून निघाला, चष्मा नव्हता. जिंकले एकदाचे 2023 ला, 38 वर्षांनी.

आणि उन्हाळ्यात शाळांची स्पर्धा असते कोशिएनवर तेव्हा टायगर्सलाच घर सोडून बाहेर जावं लागतं. हरलेली पोरं ग्राउंडवर बसून बुटांच्या पिशवीत तिथली माती भरून घेतात. अख्खा देश टीव्हीवर ते बघतो. माझ्या सासूबाई दरवर्षी रडतात, कोणती शाळा हे माहीत नसताना.

फ्रीमाँटकर

मातीचं लिहिलंत आणि मला लिहायचं नव्हतं ते लिहावं लागतंय.

26 सप्टेंबर 2024, गुरुवार दुपार, कॉलिझियममधली शेवटची मॅच. वर्षभर रिकामं असलेलं ग्राउंड त्या दिवशी फुल्ल, 46,889. रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट आले पहिला बॉल टाकायला. रिकी म्हणजे 1406 बेस चोरलेला माणूस, ओकलंडमध्येच वाढलेला, आणि त्यानंतर तीन महिन्यांत तो पण गेला. मॅच जिंकलो 3-2. जिंकून करायचं काय होतं. मॅनेजरने माइक घेऊन लोकांचे आभार मानले आणि शेवटची ओकलंडच्या नावाची घोषणा करायला लावली. कोणी घरी जायला तयार नाही. ग्राउंडवाले कर्मचारी कठड्यापाशी येऊन लोकांना माती देत होते, लोक पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून त्यात भरत होते.

आणि असं नाही की लोक गप्प बसले होते. 13 जून 2023 ला पंख्यांनी उलटा बहिष्कार केला, म्हणजे मालक म्हणतो ना लोक येत नाहीत, मग आज सगळ्यांनी यायचं. मंगळवार रात्र, शेवटच्या नंबरची टीम, आणि आले 27,759. टीम विकून टाका असे हिरवे टीशर्ट. पाचव्या इनिंगला पहिल्या बॅटरपुरते सगळे उभे राहिले पूर्ण शांत, आणि मग एकदम जो काय आवाज झाला. ती मॅच पण जिंकलो. त्याच आठवड्यात नेवाडाने व्हेगासच्या स्टेडियमसाठी सरकारी 38 कोटी डॉलरला मंजुरी दिली. एके काळी तर आमच्या फ्रीमाँटलाच स्टेडियम येणार होतं, 2006 ला जाहीर केलं, 2009 ला बारगळलं. आलं असतं तर चालत गेलो असतो हो.

एडिसनचा_बंड्या

मग जायंट्सचा हो ना आता. पूल ओलांडला की सॅन फ्रान्सिस्को.

फ्रीमाँटकर

बंड्या, बाकी काही पण बोल.

टोरांटो_अण्णा

उशीर झाला यायला, अख्खा धागा वाचला. मला बोलायचंच नव्हतं, 2025 अजून पचलेलं नाही. आम्ही ब्लू जेज. 93 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, समोर डॉजर्स. तिसरी मॅच 18 इनिंग चालली, 6 तास 39 मिनिटं, आमच्याकडे रात्रीचे जवळजवळ तीन वाजले, डॉजर्सच्या फ्रीमनने होमरन मारून संपवली आणि मी सकाळी नऊला मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. सातवी मॅच घरच्या ग्राउंडवर, नवव्या इनिंगला आम्ही 4-3 ने पुढे, दोन आउट पाहिजेत. फक्त दोन! मिगेल रोहास, ज्याच्याकडून कोणी होमरनची अपेक्षा करत नाही, त्याने मारला. मग आमच्या बॅटिंगला बेस भरलेले, एक आउट, एक रन आला की जिंकलो, आणि होम प्लेटवर इंचांनी आउट. पुढच्या बॉलवर दोन फील्डर एकमेकांवर आदळले तरी कॅच सुटला नाही. अकराव्याला हरलो. त्यांचा पिचर यामामोटो आदल्याच दिवशी 96 बॉल टाकून परत दुसऱ्या दिवशी आला होता, माणूस आहे का काय.

चहाबाज_पुणे

अण्णा ती मॅच मी पाहिली, 2 नोव्हेंबर, आपल्याकडे रविवार सकाळी साडेपाचला सुरू. साडेनऊनंतर संपली, अंघोळ केली, आणि दुपारी परत टीव्हीपुढे, कारण डी वाय पाटीलला बायकांचा वर्ल्डकप फायनल. तिथे पाऊस, पाचला सुरू. मध्यरात्री हरमनप्रीतने तो कॅच घेतला तेव्हा घरातले म्हणाले तू सकाळपासून बसलायस आता उठ. एका दिवसात एवढं कोणाच्या नशिबी असतं.

आता मला एक टीम पाहिजे. इतके दिवस कोणाच्याही मॅच बघत होतो. कोणती घेऊ?

एडिसनचा_बंड्या

यांकीज. टोपी आपल्याकडे फुटपाथवर पण मिळते.

विंडी_सिटी_वैनी

कब्ज. दुपारच्या मॅच खूप असतात आमच्याकडे, रिगलीला 1988 पर्यंत लाइटच नव्हते. तुम्हाला रात्री जेवण झाल्यावर बघता येतील.

फ्रीमाँटकर

सिएटल मॅरिनर्स घ्या. 1977 पासून आहेत आणि आजपर्यंत एकदाही वर्ल्ड सिरीजला पोचलेले नाहीत, अशी सध्या एकच टीम आहे. बरोबर 7:10 ला, पोह्यांच्या वेळेला सुरू होतात. 2025 ला दारापर्यंत गेले होते, सातवी मॅच, सातवी इनिंग, पुढे होते 3-1 ने, आणि तीन रनांचा होमरन खाल्ला.

चहाबाज_पुणे

आई गं. कोणी मारला?

टोरांटो_अण्णा

स्प्रिंगर. आमचा. सॉरी.